राजीनाम्याआधी पंधरा अनोळखी माणसं

वाचकाचं पत्र, थोडक्यात : पत्रलेखक २९ वर्षांचे आहेत. भांडुपला आई-वडिलांबरोबर राहतात आणि अंधेरीच्या एका आयटी कंपनीत सात वर्षं नोकरी करतात. बारा वर्षांचे होईपर्यंत ते गिरगावच्या चाळीत वाढले. गेली साडेतीन वर्षं रात्री जागून ते त्या चाळीवर एक कॉम्प्युटर गेम बनवत आहेत. खेळणारा चाळीचा सेक्रेटरी. बावीस बिऱ्हाडं, चाळीस पात्रं, तीन ऋतू, पहाटेचं पाणी, गणपतीची वर्गणी, भांडणं आणि शेवटी बिल्डरची नोटीस. पुढे चार जणांनी ऑनलाइन एकत्र खेळावं, असाही बेत आहे. गेम ते युनिटी या इंजिनात, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, करत होते. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं तेव्हा त्यांनी सगळं काम गोडो या दुसऱ्या इंजिनात हलवलं. त्यात आठ महिने गेले. अजून निम्मा गेम बाकी आहे. पगार ६२ हजार, घराचा हप्ता २१ हजार, शिल्लक साडेसहा लाख. ते विचारतात : दिवाळीत राजीनामा देऊन एक वर्ष पूर्णवेळ गेमला द्यावं का? दाजी आठ लाख घालायला तयार आहेत, ते घ्यावेत का? वडील म्हणतात, सरकारने गेमवर बंदी आणलीय, तू निघालास कुठे? आणि मराठी चाळीचा गेम मराठी माणसाखेरीज खेळणार कोण?

प्रिय मित्रा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहाटे पाचला नळ येतो, पंचावन्न मिनिटांत जातो आणि तेवढ्या वेळात बावीस घरांचं पाणी भरून व्हायला हवं, हे तुम्ही चार ओळींत लिहिलंय. कोणाचा हंडा कोणाच्या बादलीपुढे, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आजारी म्हणून त्यांची कळशी कोण भरणार, नळाला पाइप लावला म्हणून कोण कोणाशी बोलत नाही. त्या चार ओळींत मला चाळ दिसली. बाकीच्या तीन पानांत मला यादी दिसली. याकडे परत येतो.

तुम्ही विचारलंय राजीनाम्याबद्दल. मी मात्र अडलो ते वेगळ्याच वाक्यापाशी : "अजून दाखवण्यासारखा झाला नाही, म्हणून धाकटा भाऊ आणि चित्रं काढणारी मैत्रीण सोडून कोणी खेळलेलं नाही." साडेतीन वर्षं, आणि खेळलेली माणसं दोन. त्यातल्या एकीनेच तो गेम रंगवलाय. राजीनामा दिल्यावर तुम्हाला वेळ मिळेल, हे खरं. पण तुमच्या गेमला वेळच कमी पडतोय, हे कशावरून ठरलं? खेळणाऱ्याला पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं ते कळतंय का, त्यात त्याला गंमत येतेय का, तो उद्या परत उघडेल का, हे अजून कोणालाच ठाऊक नाही. वर्षभर पूर्णवेळ बसूनही ते ठाऊक होणार नाही, कारण ते तुमच्या खोलीत नाहीच. ते दुसऱ्याच्या हातात गेम दिल्यावरच कळतं.

हे मी अनुभवाने सांगतोय. २००५ च्या सुमारास मी मुंबईतल्या एका कंपनीत मोबाइलचे जावा गेम्स बनवत होतो. तेव्हाच्या बऱ्याच नोकिया फोनवर अख्खा गेम ६४ किलोबाइटमध्ये बसवावा लागे. एका गेमवर आम्ही सहा जणांनी सात महिने घातले. नीट विणलेला गेम, असं आम्हाला वाटत होतं. देण्याच्या आदल्या आठवड्यात रात्रपाळीच्या वॉचमनने सहज फोन हातात घेतला. पात्र डावी-उजवीकडे चालवलं, समोर खड्डा आला आणि तो थांबला. पाच नंबरचं बटण दाबलं की उडी, हे आम्हा सहा जणांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्याने दोन मिनिटं वाट पाहिली, "छान आहे साहेब" म्हणाला आणि फोन परत दिला. तो गेम तसाच गेला, कारण बदलायला वेळ उरला नव्हता. चालला नाही. तो वॉचमन रोज रात्री आमच्या दारात बसलेला असायचा. सात महिन्यांत एकदाही आम्ही त्याला विचारलं नव्हतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं : राजीनाम्याचा विचार तीन महिने बाजूला ठेवा आणि तेवढ्यात पंधरा अनोळखी माणसांना गेम खेळायला द्या. सगळा नाही. फक्त नळाची ती एक पहाट.

ही एक पहाट म्हणजे गेमचा तुकडा नव्हे, तोच गेम आहे असं मला वाटतं. ठरलेला वेळ, अपुरं पाणी, बावीस गरजा आणि मधे तुम्ही. लुकास पोप यांचा २०१३ चा 'पेपर्स, प्लीज' आठवा. खेळणारा सीमेवरच्या एका खिडकीत बसून कागदपत्रं तपासतो. बहुतेक सगळा गेम त्या एका टेबलावर घडतो, तरी अख्ख्या देशाची दहशत आणि घरच्या उपाशी माणसांची काळजी त्यात येते. जागा लहान असल्यामुळेच प्रत्येक निर्णय टोचतो. तुमच्याकडे तशी जागा आहे, नळ. चाळीस पात्रांऐवजी आठ घ्या. तीन ऋतूंऐवजी एक उन्हाळा, म्हणजे पाणी आपोआप कमी होईल. गणपतीची वर्गणी पुढच्या गेममध्ये येऊ दे. चौघांनी ऑनलाइन खेळायची कल्पना मात्र आजच सोडा, हे मी आग्रहाने सांगतो. नेटवर्कवर चालणारा गेम एकट्या माणसाने रात्री जागून करायचा म्हणजे दुसरी नोकरी धरण्यासारखं आहे. त्यातले बग एका कॉम्प्युटरवर सापडतसुद्धा नाहीत.

कापताना जीव तुटतो, मला माहीत आहे. ६४ किलोबाइटच्या दिवसांत प्रत्येक नव्या चित्रासाठी जुनं एक काढावं लागे. तेव्हा राग यायचा. आता मागे पाहिलं तर आमचे बरे गेम तेच होते ज्यांत काढण्याची सक्ती झाली. तुमच्यावर अशी सक्ती करणारं कोणी नाही, म्हणून ती तुम्हीच स्वतःवर करायची. हवं तर हे गेम जॅमसारखं, म्हणजे दोन-तीन दिवसांत अख्खा गेम करायच्या स्पर्धेसारखं करा : शुक्रवारी रात्री बसा आणि रविवारी रात्रीपर्यंत फक्त नळाचा गेम नव्याने, चौकोन आणि गोल वापरून, चित्रांशिवाय उभा करा. ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरीचा 'हॉलो नाइट' २०१७ मध्ये आला. त्याचं बीज लुडम डेअर नावाच्या जॅममध्ये काही दिवसांत केलेल्या एका छोट्या गेममध्ये होतं. चौकोनांच्या बादल्या भरतानाही खेळणाऱ्याचा जीव वरखाली झाला, तर तुमच्या हातात काहीतरी आहे. तसं झालं नाही, तर सुंदर चित्रं आणि मोठी चाळ त्याला वाचवू शकणार नाहीत. आणि ते कळायला तुम्हाला दोन दिवस लागतील, एक वर्ष नाही.

आता खेळायला द्यायचं म्हणजे कसं, ते नीट सांगतो, कारण इथे बहुतेक जण चुकतात. मित्रांना लिंक पाठवून "कसा वाटला सांग" विचारू नका. "मस्त रे" एवढंच येईल. लॅपटॉप घेऊन समोर बसा. कॉलेजचं कँटीन, सोसायटीचं ऑफिस, गणेश मंडळाची खोली, कुठेही. एवढंच सांगा : हा अर्धवट गेम आहे, वीस मिनिटं खेळा, मी काही बोलणार नाही. आणि खरंच बोलू नका. ते चुकीच्या जागी क्लिक करतील, दोन मिनिटं भलतंच करतील, तुमचा हात माऊसकडे जाईल. हात मांडीवर ठेवा. स्क्रीन रेकॉर्ड करा आणि वहीत एवढंच लिहा की माणूस कुठे थांबला, कुठे हसला, कुठे मोबाइलकडे पाहिलं, कुठे "अरे!" म्हणाला. खेळून झाल्यावर "आवडला का" विचारू नका. "आत्ता काय झालं ते मला सांगा" म्हणा. ते जी गोष्ट सांगतील तोच तुमचा खरा गेम. तुमच्या मनात आहे तो वेगळा असू शकतो.

पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या करा आणि मधे दुरुस्त्या. एकच चूक पाचांपैकी तिघांकडून झाली तर चूक त्यांची नाही. पंधरांत पाच जण तरी असे हवेत ज्यांनी चाळ कधी पाहिली नाही, आणि दोन-तीन असे ज्यांनी आयुष्यात कॉम्प्युटरवर गेम खेळलेला नाही.

पैशाकडे येतो. तुमच्या पत्रात शिल्लक आहे, हिशोब नाही. हप्ता २१ हजार आणि घरखर्चात तुमचा वाटा २५ हजार धरला, तर महिन्याला ४६ हजार, वर्षाचे ५ लाख ५२ हजार. साडेसहा लाखांतून उरतात अठ्ठ्याण्णव हजार. त्यातून संगीत, भाषांतर, एखादा नवा लॅपटॉप, आणि कोणाचं आजारपण. म्हणजे बरोबर एक वर्ष, एक दिवस इकडेतिकडे न होता. गेम वेळेवर संपत नाहीत; माझा स्वतःचा एकही संपला नाही. मी नेहमी सांगतो की हातात जेवढे महिने वाटतात त्यांना दोनाने भागा आणि तेवढ्यातच काय होईल ते योजा. त्या हिशोबाने तुमच्याकडे सहा महिने आहेत.

आणि मिळकत? समजा स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या अमेरिकी ऑनलाइन दुकानात, भारतासाठी किंमत २९९ रुपये ठेवली. १८ टक्के जीएसटी त्यातच धरून आहे, तो गेल्यावर उरतात २५३. स्टीम ३० टक्के घेतं. तुमच्या हातात सुमारे १७७. आजच्या पगाराइतके, म्हणजे वर्षाला ७ लाख ४४ हजार मिळवायचे तर पूर्ण किमतीत सुमारे ४,२०० प्रती विकायला हव्यात, तुमचा आयकर त्यानंतर. बऱ्याच प्रती सवलतीत जातात आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून चौदा दिवसांत परत केली तर खरेदीचे पैसे परत द्यावे लागतात, हेही धरा. २०२४ या एका वर्षात स्टीमवर अठरा हजारांहून जास्त गेम्स आले. त्या गर्दीत चार हजार माणसं तुमच्या दारापर्यंत येणं अशक्य नाही, पण ती आपोआप येत नाहीत.

तुम्ही 'स्टारड्यू व्हॅली'चा दाखला दिलाय. एरिक बॅरोनने साडेचार वर्षं एकट्याने काम केलं आणि २०१६ मध्ये गेम आला, हे खरंच आहे. पण त्या काळात तो सिएटलच्या एका थिएटरमध्ये लोकांना जागा दाखवण्याचं अर्धवेळ काम करत होता, आणि घर चालवण्यात त्याच्या जोडीदाराचा मोठा हातभार होता. ही गोष्ट सांगताना तेवढा भाग गळतो. तुमच्या घरात तो भार आत्ता तुम्ही उचलताय.

म्हणून मला 'नोकरी की गेम' हा प्रश्नच घाईचा वाटतो. मधल्या वाटा पाहा. रात्री अकरा ते एक या वेळात दिवसभर दमलेल्या डोक्याने तुम्ही जे करता ते बहुधा दुसऱ्या दिवशी दुरुस्त करावं लागतं. त्याऐवजी आठवड्यातल्या तीन पहाटा आणि शनिवारची सकाळ बांधून घ्या. कंपनीत बिनपगारी दोन महिन्यांची सुट्टी मिळते का, विचारा. सात वर्षं राहिलेल्या माणसाला एवढं विचारायचा हक्क आहे. पंधरा माणसांच्या वहीतून काही ठोस निघालं, तर ती सुट्टी सोन्याची ठरेल.

मात्र त्याआधी तुमचं अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक कंपनी असते. तुमचा गेम तुमच्या कामाचा भाग नाही, पण काही कंपन्यांच्या करारात नोकरीच्या काळात केलेल्या सगळ्याच सॉफ्टवेअरवर हक्क सांगणारं कलम असतं, किंवा बाहेरचं काम करायला बंदी असते. तसं असेल तर वकिलाला दाखवा आणि एचआरकडून लेखी परवानगी घ्या. ऑफिसच्या लॅपटॉपवर एक ओळही लिहू नका.

आणखी एक कागद, जो मला राजीनाम्यापेक्षा तातडीचा वाटतो. तुमच्या पत्रात चित्रं काढणाऱ्या मैत्रिणीचा उल्लेख दोन ओळींत आहे. दीड वर्ष तिने बिनपैशाचं काम केलंय आणि तुमच्यात काही लिहिलेलं नाही. त्या चित्रांची मालक आज ती आहे. तिने ती तुम्हाला तोंडी दिली असली तरी कायद्याने हस्तांतरण लेखी लागतं. कागदावर मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे नीट न लिहिलेल्या कागदावर तुम्ही गेम अमेरिकेत विकू शकणार नाही. पण कायद्यापेक्षा साधी गोष्ट अशी की तिला काय हवंय ते तुम्ही विचारलेलं दिसत नाही. वाटा हवा, ठरलेली रक्कम हवी, की नाव पुढे हवं? या रविवारी बसा आणि बोला. तिने दीड वर्षात काय काय दिलंय ते आधी तुम्ही बोलून दाखवा. मी चांगल्या मैत्र्या याच एका न झालेल्या बोलण्यापायी तुटलेल्या पाहिल्यात.

दाजींचे आठ लाख आत्ता घेऊ नका. दाजी वाईट म्हणून नव्हे. पंधरा माणसांनी खेळण्याआधी पैसे घेतले, तर ते पैसे गेम कापू देत नाहीत; "एवढे घातलेत, आता मोठाच करू" असं होतं. शिवाय सणासुदीला बहिणीकडे जाताना तुमच्या पोटात गोळा येईल. पुढे गरज पडलीच तर ठरलेल्या कामापुरते घ्या, समजा संगीत आणि इंग्रजी भाषांतर, आणि लिहून द्या की याच एका गेमच्या मिळकतीतून अमुक टक्के, गेम बुडाला तर देणं नाही. हे ऐकूनही ते हसतमुख राहिले तरच.

वडिलांना सांगा की ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालतो. तुमचा गेम एकदा विकत घ्यायचा, त्यात पैसे लावायचे नाहीत, जिंकायचे नाहीत. पण मला वाटतं त्यांना कायद्याची भीती नाही. ती २१ हजारांच्या हप्त्याची आहे, आणि ती रास्त आहे. वरचा हिशोब कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवा. आकडे पाहिलेला बाप बरेचदा आकडे न पाहिलेल्या बापापेक्षा मवाळ असतो.

मराठी चाळ बाहेर कोण खेळणार? कॅनडातल्या विसाई गेम्सने २०२३ मध्ये 'वेनबा' काढला : एक तमिळ कुटुंब, आई आणि इडली-डोशाची वही. पुढच्या वर्षी त्याला पहिल्या गेमसाठीचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. शेजारच्या पुण्याचा 'राजी' पाहा. २०१७ मध्ये त्यांची किकस्टार्टरवरची, म्हणजे ऑनलाइन लोकवर्गणीची, मोहीम फसली होती; गेम २०२० मध्ये आला आणि जगभर खेळला गेला. पाण्यासाठी रांग म्हणजे काय, हे समजायला मराठी यावं लागत नाही. इंग्रजी मजकूर द्या, आवाज आणि पाट्या मराठी ठेवा. सगळे संवाद पहिल्यापासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेत तर भाषांतर सोपं जाईल. आणि गोडोत नेलंत त्याचं दुःख करू नका. युनिटीने ते शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये मागे घेतलं खरं, पण गोडोच्या चौथ्या आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरं आणि वेलांट्या जागच्या जागी येतात; काही इंजिनांत त्यासाठी बरीच झटापट करावी लागते. आता इंजिन पुन्हा बदलायचं मात्र नाही, काहीही जाहीर होवो.

विक्रीचं थोडक्यात. नळाची पहाट पंधरा जणांना आवडली, तर ती आधी इच.आयओ या छोट्या गेम्सच्या साइटवर फुकट ठेवा. तिथे पान करायला पैसे लागत नाहीत. मग स्टीमचे १०० डॉलर भरा आणि 'कमिंग सून' पान गेम बाहेर येण्याच्या कित्येक महिने आधी उघडा, म्हणजे विशलिस्ट, अर्थात घ्यायची इच्छा नोंदवलेल्यांची यादी, जमायला लागेल. ट्रेलर पहिल्या सेकंदापासून नळाचा हवा, तुमच्या नावाचा नको. येऊ घातलेल्या गेम्सचे डेमो दाखवणारा स्टीम नेक्स्ट फेस्ट फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये होतो, पण एका गेमला एकदाच जाता येतं, तेव्हा डेमो पक्का झाल्यावरच जा. पैसे मिळण्याआधी अमेरिकेच्या कराचा फॉर्म भरावा लागतो. त्यात पॅन देऊन दोन्ही देशांच्या कराराचा लाभ घेतलात तर तिथल्या विक्रीवर १५ टक्के कापले जातात, नाहीतर ३०. बाकी जीएसटी आणि आयकरासाठी एखाद्या सीएला एकदा भेटा. परदेशातून येणाऱ्या पैशांची कामं केलेला हवा.

तीन महिन्यांनी वही उघडा. तिसऱ्या फेरीतल्या पाचांपैकी दोघांनी जरी स्वतःहून विचारलं असेल की "पुढचा दिवस कधी येणार?", तर मला परत लिहा, मग बिनपगारी सुट्टी आणि त्यापुढचं आपण बोलू. कोणीच विचारलं नसेल तरी लिहा. नोकरी शाबूत असेल, मैत्रीण बरोबर असेल आणि दुसरी पहाट मांडून बघता येईल.

आणि पहिली फेरी कोणापासून सुरू करायची तेही सांगतो. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या काकू आता मुलाकडे बोरिवलीला असतात, असं तुम्ही लिहिलंय. त्या अनोळखी नाहीत, तेव्हा पंधरांत धरू नका, पण सुरुवात त्यांच्यापासून करा. लॅपटॉप घेऊन जा, माऊस त्यांच्या हातात द्या आणि गप्प बसा. त्यांनी आधी हंडा भरला की बादली, हे मला नक्की कळवा.